दप्तर तपासणाऱ्या बाईचा सल्ला: कचरावेचकांची सहकारी संस्था कशी उभारावी

मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करते. जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि लेखाकर्माची सरकारी पदविका झाले, सहकार खात्याच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर आले, आणि तेव्हापासून पतसंस्था, दूध संस्था, गृहनिर्माण संस्था अशी मिळतील ती दप्तरं तपासत आले. अलीकडे मात्र कार्यकर्त्यांचे वेगळेच फोन येतात. "ताई, आमच्या वस्तीतल्या बायकांची संस्था काढायचीय, कागदं काय काय लागतात?" कुणाच्या मनात कचरा वेचणाऱ्या बायका असतात, कुणाच्या वीटभट्टीवरचे कातकरी, कुणाच्या एकल महिला. प्रश्न एकच असतो, कागदं कोणती. ती यादी दोन मिनिटांत सांगून होते. पण संस्था कागदांवाचून अडली असं मी फारसं पाहिलेलं नाही. ती अडते त्या कारणांविषयी कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले. उदाहरण कचरावेचकांचं घेते, कारण त्यांची दप्तरं मी जवळून पाहिलीत.

लेखापरीक्षणाला बसले की ताळेबंदाआधी मी इतिवृत्ताची वही उघडते. एका कष्टकरी बायकांच्या संस्थेत वर्षभराच्या सभांखाली अंगठे होते. सगळे जांभळे, सगळ्यांची शाई सारखीच ताजी, प्रत्येक सभेत तोच क्रम, आणि एका मावशीचा अंगठा दर पानावर तसाच डावीकडे घसरलेला. एप्रिल ते मार्चच्या सभा एका दुपारी उरकलेल्या होत्या. "शिक्का कुठंय?" म्हणून विचारलं तर अध्यक्षबाई शेजारी बघायला लागल्या. शेजारी बसलेले गृहस्थ, ज्यांनी संस्था 'काढून दिली' होती, त्यांनी तो खिशातून काढला. हिशेबात रुपयाची गफलत नव्हती. माणूसही वाईट नव्हता. तरी ती संस्था त्या बायकांची होती असं मला म्हणवत नाही.

तेव्हा माझा सगळा सल्ला एवढ्याभोवती फिरतो: काटा, गिऱ्हाईक आणि शिक्का कुणाच्या हातात आहे हे बघत चला, आणि नोंदणीला सगळ्यात शेवटी जा.

आधी माणसं गोळा होऊ द्या

पुण्याच्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेचं नाव सगळे घेतात, तारखा मात्र कुणी बघत नाही. त्याआधीची त्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 साली झाली. डॉ. बाबा आढाव होते, एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून या बायकांपर्यंत पोचलेल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने होत्या. 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2007 ची, आणि महापालिकेशी तिचा करार 2008 चा. म्हणजे मध्ये चौदा वर्षं गेली. त्या काळात ओळखपत्रं झाली आणि महापालिकेने ती मान्य केली. पतसंस्था निघाली, स्वतःची भंगार दुकानं चालवून बघितली, महापालिकेकडून आरोग्य विम्याचा हप्ता भरून घेतला. घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार त्यानंतर आला. ज्यांना पोलीस चोरीच्या संशयावरून उचलत होते आणि वॉचमन फाटकात उभं करत नव्हते, त्यांच्याकडे कार्ड आलं तेव्हा पहिल्यांदा ही माणसं काम करतात असं लेखी झालं.

तुम्हाला चौदा वर्षं लागतीलच असं नाही, वाट आता मळलेली आहे. पण निधी मिळाला, प्रकल्पाची मुदत मार्चअखेर, म्हणून जानेवारीत नोंदणी, असं करू नका.

पहिलं वर्ष नुसतं बघण्यात आणि लिहिण्यात घालवा. बायका पहाटे निघतात, तेव्हा तुम्हीही पहाटे जा. कोण कुठल्या गल्लीत फिरतं, कोण डेपोवर वेचतं, माल निवडायला कुठे बसतं, कुठल्या दुकानात घालतं, दुकानदाराची उचल किती, सगळं एका वहीत उतरवा. गल्ल्यांची वाटणी त्यांच्यात आधीच ठरलेली असते आणि ती मोडली तर केस ओढण्यापर्यंत जातं. तुमच्या संस्थेने नकाशावर पेन्सिलीने नवी वाटणी केली की पहिली फूट तिथेच.

वहीत एक नोंद मुद्दाम ठेवा: सगळ्यात कमी कुणाला मिळतं. म्हाताऱ्या, एकट्या, डेपोवर वेचणाऱ्या, दारू पिणारी म्हणून बाकीच्यांनी टाकलेली. संस्था झाली की जरा धड कपड्यांतल्या, सातवी-आठवी शिकलेल्या सुना पुढे येतात आणि या बायका आपोआप गळतात. गिऱ्हाइकांनाही दारात सूनच बरी वाटते. वहीत नाव असेल तर निदान गळती दिसते.

उचल मोडल्याशिवाय दुकान नाही

आता पैशाचं. सगळ्यात जास्त संस्था इथेच बुडतात, म्हणून सविस्तर सांगते.

समजा, एक बाई दिवसाला 20 किलो पुठ्ठा आणते. दुकानदार भाव सांगतो किलोला 8 रुपये. त्याच्या काट्यावर ते 18 किलो भरतात. वर ओलीची 1 किलो घट. राहिले 17 किलो, हातात 136 रुपये. तोच 20 किलो पुठ्ठा मोठ्या गोदामात 11 रुपयांनी जातो, म्हणजे 220. फरक 84 रुपयांचा. महिन्याचे 25 दिवस धरले तर 2,100.

ही बाई त्या दुकानदाराला सोडून का जात नाही? कारण पोरीच्या बाळंतपणाला त्याने 5,000 दिलेत, बिनव्याजी. ती त्याला देव मानते, आणि रात्री अकराला दार वाजवलं तर तोच उघडतो हेही खरं आहे. कार्यकर्ते तावातावाने 'शोषण, शोषण' म्हणतात तेव्हा बायका गप्प बसतात, कारण त्यांना माहीत असतं की उद्या दवाखाना लागला तर हा कार्यकर्ता मीटिंगला गेलेला असेल. हा 5,000 चा व्यवहार महिन्याला 2,100 ला पडतो, हे मी वस्तीत जमिनीवर खडूने मांडून दाखवलंय. त्यावर एक आक्का म्हणाल्या, "कळतंय की. पन रातीचं कोन देतंय?"

म्हणून आधी बचत आणि कर्ज. महिन्याला जमेल ती ठरावीक बचत, त्यातून उचल फेडायला कर्ज, आणि अडीअडचणीला लगेच देता येईल अशी थोडी रोकड वस्तीतल्याच दोघींकडे. दुकानदारापेक्षा हळू चालणारी पतव्यवस्था कुणी वापरत नाही, व्याज कितीही कमी असो.

उचल फिटायला लागली की स्वतःच्या काट्याचा विचार करा. इथे हौशी माणूस म्हणतो, 84 च्या 84 रुपये बायकांना देऊ. ते दुकान सहा महिन्यांत बंद पडतं. गाळ्याचं भाडं आहे, टेम्पो आहे, हमाली आहे, खरीखुरी घट आहे. वरच्या उदाहरणात खऱ्या वजनाला साडेनऊ रुपये दिले तर बाईला 190 मिळतात, पूर्वीपेक्षा 54 जास्त, आणि दुकानाकडे किलोमागे दीड रुपया राहतो. एवढ्यात भागतं का ते तुमच्या गावच्या भाड्यावर ठरेल. भागत नसेल तर दुकान काढू नका, दुकानदारांशी वजनाचा करार करून घ्या.

आणि भांडवल. बायकांना पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. गोदामवाला पंधरा-वीस दिवसांनी देतो. दिवसाला 500 किलो माल घेतलात तर रोजचे 4,750 रुपये जातात. वीस दिवस थांबलात तर 95,000 अडकले. दुकान उघडण्याआधी लाखभर रुपये बाजूला हवेत, आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. हे पैसे देणगीतून आले तर वहीत 'देणगी' असं स्वच्छ लिहा. 'सभासदांचं भागभांडवल' असं दाखवून ठेवलेली देणगी मला दरवेळी सापडते.

कुठल्या नावाखाली?

यावर फार डोकं फोडू नका. आपल्याकडे 'सामाजिक उद्योग' असा वेगळा कायदा नाही. ट्रस्टमध्ये विश्वस्त मालक असतात, म्हणजे कष्टकरी लाभार्थीच राहतात. कंपनी कायद्याच्या कलम 8 खालच्या कंपनीत नफा वाटता येत नाही. उत्पादक कंपनी शेतमाल, वनोपज, हस्तकला असल्या कामाला ठीक, कचऱ्याला ती ताणून बसवावी लागते. सहकारी संस्थेत एक सभासद एक मत आहे, भाग कितीही असोत; आणि एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून जास्त भाग घेताही येत नाहीत. माझा कल म्हणून तिकडे. लिज्जत पापड मात्र सहकारी कायद्याखाली नाही, हे ऐकून लोक चकित होतात. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली, आणि नोंदणी झाली 1966 ला, सोसायट्यांच्या नोंदणीच्या कायद्याखाली. सगळ्या बहिणी मालक, देणगी घ्यायची नाही, ही शिस्त त्यांनी स्वतः पाळली. कायद्याने ती त्यांच्यावर लादलेली नव्हती.

नोंदणी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे किमान दहा माणसं लागतात, आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतली हवीत. वस्तीत इथेच पहिली अडचण, कारण सासू, सून, जाऊ, नणंद सगळ्याच वेचायला जातात. दहा काढायला गेलात तर चार घरं निघतात. तेव्हा जास्त वस्त्या जोडूनच सुरुवात करा.

प्रवर्तकांची, म्हणजे संस्था काढणाऱ्यांची सभा, मुख्य प्रवर्तकाची निवड, नाव राखून घेणं, बँकेत खातं उघडायची परवानगी, भाग आणि प्रवेश फी जमा, उपविधी म्हणजे संस्थेची नियमावली, योजनेचा आराखडा, मग उपनिबंधक कार्यालयात अर्ज. अर्ज पूर्ण असेल तर दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. म्हणून पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. त्रुटी काढल्या तर 'लेखी द्या साहेब' एवढंच म्हणा, आवाज न चढवता. तोंडी त्रुटींना अंत नसतो.

कागदांत खरी अडचण येते ती रहिवासाच्या आणि ओळखीच्या पुराव्याची. विशेषतः पारधी किंवा इतर विमुक्त जमातींतल्या बायकांची. 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि 1952 साली तो कायदा रद्द होईपर्यंत ज्यांना हजेरी द्यावी लागली, त्यांच्या घरात जुने कागद कुठून असणार? ज्यांचे कागद आहेत त्यांना घेऊन पुढे जायचा मोह होतो. नोंदणीपुरतं तसं करावं लागेलही. पण उरलेल्यांचे कागद काढून त्यांना सभासद करायची तारीख पहिल्याच सभेच्या ठरावात घाला. ठरावात नसलेलं काम होत नाही.

अर्जात व्यवसायाचा रकाना असतो. तिथे 'घरकाम' लिहून मोकळं व्हायला सगळे सांगतात. लिहू नका. कोलकात्यात सोनागाचीतल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनी 1995 साली 'उषा' ही सहकारी संस्था नोंदवली, तेव्हा त्यांनाही 'गृहिणी' लिहा म्हणून सुचवलं गेलं होतं. त्यांनी नकार दिला आणि स्वतःचा धंदा लिहूनच नोंदणी मिळवली. तुमच्या बायकांनी 'कचरावेचक' लिहिलं तरच उद्या महापालिकेपुढे कचरावेचकांची संस्था म्हणून उभं राहता येईल.

अंगठेबहाद्दर म्हणून कुणी हिणवलं तर माणदेशातल्या बायकांची गोष्ट सांगा. म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायका महिला बँक काढायला निघाल्या. प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायकांनी अक्षरं गिरवली, पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "आम्हाला वाचता येत नसेल, पण मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढतो. तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा." 1997 ला बँक सुरू झाली.

उपविधी म्हणजे भांडणाची आगाऊ तयारी

कार्यालयात आदर्श उपविधींचा छापील नमुना मिळतो, तो बहुतेक जण जसाच्या तसा जोडतात. मी सांगेन, निदान सभासदत्वाचं कलम स्वतः बसून लिहा. सभासद कोण? 'कचरावेचक' एवढं पुरत नाही. 'स्वतःच्या हाताने कचरा गोळा करणे वा वेचणे हे ज्याचे उपजीविकेचे मुख्य साधन आहे' असं काहीतरी लिहा, आणि दर वर्षी यादी तपासायची तरतूद ठेवा. मजूर सहकारी संस्थांचं काय झालं ते आपल्या डोळ्यांपुढे आहे. सरकारी कामांत त्यांना राखीव वाटा मिळायला लागल्यावर ठेकेदार, त्यांचे भाऊ, मेहुणे 'मजूर' म्हणून यादीत आले. कायदा मजुराच्या बाजूचाच होता. यादी तपासणारं कुणी नव्हतं. इटलीत 1991 च्या 381 क्रमांकाच्या कायद्यात सामाजिक सहकारी संस्थांचा एक प्रकार आहे, त्यात किमान 30 टक्के कामगार समाजाने बाजूला टाकलेल्यांपैकी असावे लागतात: अपंग, मानसिक आजारातून उठलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, शिक्षा भोगणारे. आपल्या कायद्यात अशी टक्केवारी नाही. म्हणून ती उपविधीत तुम्हीच घाला.

हितचिंतक, कार्यकर्ते, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी यांना फार तर नाममात्र सभासद करा. नाममात्र सभासदाला मत नसतं. 'पण ताई, बायकांना बँकेचं जमत नाही हो, सही आमचीच ठेवू' असं म्हणणारे भेटतात. सही दोघी सभासदांची ठेवा, कितीही वेळ लागू दे. पगारी व्यवस्थापक नेमायचा तर नेमा, समितीने ठराव करून, मुदत घालून. शिक्का समितीच्या बाईच्या घरी, चेकबुक दुसरीच्या घरी. दोघी एका गल्लीत राहत नसल्या तर उत्तम.

समितीत दोन जागा महिलांना, एक अनुसूचित जाती-जमातीला, एक इतर मागासवर्गाला, एक विमुक्त-भटक्यांना अशा राखीव असतात. कचरावेचकांच्या संस्थेत हे आपसूक भरतं, उलटं विचारायला हवं: सगळी समिती एकाच जातीची, एकाच वस्तीची तर नाही ना? त्यासाठी वस्तीवार जागा उपविधीत बांधून घ्या. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावात बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने निर्णय घेतात आणि त्यासाठी लागेल तितका वेळ बसतात. शहरातल्या संस्थेला प्रत्येक ठरावाला हे परवडणार नाही. पण गल्ल्यांची वाटणी आणि सभासदाला काढून टाकणं, या दोन बाबतींत तरी मी तीच पद्धत सुचवते. एकटी पडलेली पारधीण मतदानात कधीच जिंकत नाही.

नगरपालिकेशी करार

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांची व्याख्या केली आणि त्यांना, त्यांच्या संघटनांना कामात सामावून घ्यायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. मुख्याधिकाऱ्यांकडे जाताना आता लागू असलेल्या नियमाची प्रत मराठीतून घेऊन जा, पण नुसत्या नियमावर काम मिळत नाही. एका प्रभागात तीन महिने करून दाखवा. किती घरं, किती ओला, किती सुका, डेपोवर जाणाऱ्या किती खेपा वाचल्या. डिझेलचा आकडा अधिकाऱ्याला लवकर कळतो.

करारात मी चार ओळी शोधते. सुक्या मालावर हक्क कुणाचा? तो सभासदाचाच असला पाहिजे, नाहीतर घंटागाडीवाला ठेकेदार आणि तुम्ही यात फरक उरत नाही. घरटी शुल्क कोण गोळा करतं? पुण्यात ते रहिवासी थेट कचरावेचकाला देतात. त्यामुळे कटकट असते, दारं वाजवावी लागतात, पण पालिकेचं बिल थकलं म्हणून चूल थांबत नाही. साधनं, म्हणजे ढकलगाडी, हातमोजे, बूट, रेनकोट, निवडायला शेड, हे कोण आणि कधी देणार? आणि मुदत संपायच्या किती महिने आधी नव्या कराराची बोलणी सुरू होणार? शेवटची ओळ नसलेले करार संपल्यावर बायका महिनोन् महिने 'मुदतवाढीवर' काम करतात, आणि दुसऱ्या दाराने निविदा निघालेली असते.

गिऱ्हाईक हातात असणं म्हणतात ते हेच. ज्या सोसायटीतल्या लोकांना आपल्या कचरावेचक बाईचं नाव माहीत आहे, ती सोसायटी ठेकेदार आला की भांडते. 'स्वच्छ'ने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा म्हणून मोहीम चालवली. वरवर आरोग्याची गोष्ट, पण ठिपका काढताना रोज कुणाच्या तरी हाताचा विचार करावा लागतो. ते पैसे देऊन होत नाही.

सभा आणि हिशेब

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. कायद्याचं तेवढं पाळाच, पण खरी सभा महिन्याची. ती कार्यालयात घेऊ नका, माल निवडतात तिथे घ्या, आणि दुपारी चारच्या पुढे, माल घालून झाल्यावर. किर्दीतल्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतल्या नोंदी मोठ्याने वाचा. 'किरकोळ खर्च' असं वाचलं की थांबा आणि काय ते सांगा.

अशाच एका वाचनात मी होते. फेब्रुवारीची आवक वाचली जात होती. "दूधपिशवी, 41 किलो." मागे पोत्यावर बसलेल्या मावशींनी तंबाखू मळता मळता विचारलं, "समद्यांची मिळून?" हो, समद्यांची. "माझ्याच दोन गोनी गेल्या की वो." त्यांना वाचता येत नाही, वजनही आकड्यात सांगता येत नाही. पण गोणी डोक्यावर घेतली की ती किती दाबते हे त्यांना पाठ आहे. पावत्या काढल्या. लिहिणाऱ्या पोरीने 141 चे 41 केले होते. पोरगी रडायला लागली, तर मावशीच तिला म्हणाल्या, "येक तर राह्यला, त्यात काय रडतीस." माझ्या तपासणीत ही चूक सापडलीही असती, पण वर्षाने. तोपर्यंत शंभर किलोचे पैसे कुणाच्या हिशेबात गेले असते ते देव जाणे.

भिंतीवर एक फळा ठेवा: आजचा भाव, कालची आवक, बँकेतली शिल्लक, कर्जं किती बाहेर. आकडे सगळ्यांना ओळखता येतात, नोटांमुळे. अक्षरांची गरज तेवढी पडत नाही.

नफा झाला तर? निव्वळ नफ्यातला किमान 25 टक्के राखीव निधीला जातो. लाभांश 15 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, आणि शंभर-शंभर रुपयांच्या भागांवर तो देऊन कुणाचं भलंही होत नाही, पंधरा रुपये हातात पडतात. त्यापेक्षा वर्षभरात जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस द्या. दिवाळीच्या आधी, सगळ्यांसमोर, नाव पुकारून. नव्या बायका सभासद व्हायला येतात त्या बहुतेक त्या दिवशी.

तुम्ही बाजूला कधी व्हायचं

हा प्रश्न कार्यकर्त्यांना आवडत नाही. माझी कसोटी साधी आहे. तुम्ही महिनाभर गावाला गेलात आणि किर्द लिहिली गेली, बँकेत भरणा झाला, एक तरी भांडण तुमच्याशिवाय मिटलं, तर तुम्ही सल्लागार झालात. भांडण मिटवायला फोन आला तर अजून वेळ आहे. बायकांतल्याच एखादीच्या शिकलेल्या पोरीला हिशेब शिकवा, पण दोघी-तिघींना एकदम. एकीलाच शिकवलंत तर नवा सचिव तयार केलात, फक्त या वेळी परकर-पोलक्यातला.

आणखी एक. लेखापरीक्षणाचा अहवाल आम्ही देतो तो बहुतेक ठिकाणी कपाटात जातो. तो सभेत वाचून दाखवा, प्रत्येक दोषापुढे कोण दुरुस्त करणार तिचं नाव लिहा. आणि लेखापरीक्षकाला सभेला बोलवा. सहसा आम्हाला चहा पाजून बोळवतात. बोलावलंत तर येतो, आणि बायकांनी विचारलं तर ताळेबंदातली एकेक ओळ समजावूनही सांगतो. त्याची वेगळी फी नसते.